खिंडीतल्या रस्त्यावर वनिताचं नाव

टूर द फ्रान्स ही सायकलींची शर्यत रस्त्याच्या कडेला उभं राहून दिसत नाही. मला हे आधी कोणी सांगितलं नव्हतं, म्हणून तुम्हाला पहिल्याच ओळीत सांगून टाकते. सपाटीवर ती डोळ्यांसमोरून मिनिटभरात जाते, घाटात अर्ध्या-पाऊण तासात. बाकीची सगळी शर्यत टीव्हीवर असते. एवढ्या लांब गेले, डोंगरात गाडीत झोपले, आणि तरीही तिचा मोठा भाग मी एका म्हातारीच्या वीतभर टीव्हीवर पाहिला.

खरं म्हणजे मी शर्यतीसाठी गेलेच नव्हते. ग्रेनोबल या शहरात सायकलने कामाला जाणाऱ्या लोकांच्या संघटनांचा मेळावा होता आणि येण्याजाण्याची सोय त्यांचीच होती. पनवेलमध्ये आमचा पंधरा-वीस जणांचा गट आहे. मागणी एकच. पळस्पे फाट्यावर सकाळी आणि संध्याकाळी सायकलवाल्यांना रस्ता ओलांडण्यापुरता सिग्नल द्या, एक मिनिटाचा. गोव्याच्या रस्त्याला लागून गोदामं आहेत. विचुंबे, सुकापूरकडून शेकडो माणसं तिथे सायकलने जातात, आणि फाट्यावर कंटेनरच्या दोन चाकांमधली फट शोधत उभी राहतात. या एका मिनिटासाठी आम्ही किती निवेदनं दिली ते मोजणं मी सोडलं आहे. पोच मिळते, उत्तर मिळत नाही.

त्या शेकडो माणसांत विचुंब्याची वनिता आहे. वय सत्तावीस, गोदामात पॅकिंगला. मार्चमध्ये एका टँकरने तिला फाट्यावर घासलं. हात मोडला नाही, पण कोपरापासून मनगटापर्यंत सालपट निघालं. त्या दिवशी तिच्या सासूने, हिराकाकूंनी, निकाल दिला: गणपतीपर्यंत फाट्यावर काही झालं तर ठीक, नाहीतर नोकरी बंद. काकू दुष्ट नाहीत. त्यांनी आपला एक मुलगा उरणच्या रस्त्यावर गमावलाय, त्या आता दुसरं कोणी द्यायला तयार नाहीत, एवढंच. पण वनिताला ती नोकरी हवी होती. हजेरीच्या वहीत रोज आपलं नाव आपण लिहायचं, हे तिच्या आयुष्यात पहिल्यांदाच होत होतं. मी निघाले तेव्हा आषाढ चालू होता. तिने सुकटीच्या चटणीचा डबा दिला आणि म्हणाली, "ताई, तिकडच्या लोकांना आपला फाटा सांगा." मी सांगेन म्हटलं.

ग्रेनोबल

मेळाव्याबद्दल थोडक्यात. भाषणं झाली. एका डच बाईने आपल्या गावातल्या सायकलींच्या पार्किंगची अडचण सांगितली: जागा कमी पडते, सायकली फार झाल्यात. मी पळस्प्याचे फोटो दाखवले. नंतर चहाच्या वेळी सगळे माझ्या खांद्यावर हात ठेवून गेले. खांद्यावरच्या हाताने सिग्नल बसत नाही. मला त्या सहानुभूतीचा राग आला, आणि राग आला म्हणून स्वतःचाही आला.

माझी राहायची सोय रेचलमावशीकडे होती. मावशी पनवेलची, बेने इस्राएल, म्हणजे कोकणातली ज्यू. तिची आई माझ्या आईच्या शाळेत शिकवायला होती. घरचे बरेचसे इस्रायलला गेले, ही एकटी शिकायला म्हणून इकडे आली ती इकडचीच झाली. आता डोंगरातल्या बर्फाचं पाणी मोजणाऱ्या प्रयोगशाळेत काम करते. तिची मराठी तीस वर्षांपूर्वीच्या पनवेलची आहे, जशी नेली तशी ठेवलेली. सुकापूरला अजून भातशेतीच आहे असं तिला वाटत होतं. मी तिथले टॉवर दाखवले तर फोन खाली ठेवून म्हणाली, "बाई गं. तिथे आम्ही खेकडे धरायचो."

मेळावा संपला तेव्हा माझे तीन दिवस शिल्लक होते. मावशीने विचारलं, शर्यत बघायची का? परवा ती लोखंडी क्रूसाच्या खिंडीवरून जाणार आहे, वर जाऊन राहायला हवं, उद्यापासून रस्ता बंद होईल. मी तोंड वाकडं केलं. हजारो रुपयांच्या नव्हे, लाखांच्या सायकली, गुळगुळीत पाय केलेले पुरुष, जाहिरातींनी भरलेले कपडे. आमच्या माणसांच्या सायकलींना मडगार्ड नसतं. याच्याशी माझा काय संबंध? मावशी म्हणाली, संबंध नसू दे, पण जगातले कितीतरी कॅमेरे त्या रस्त्यावर असतात, आणि लोक रस्त्यावर पांढऱ्या रंगाने हवं ते लिहितात.

मी भिंतींवर घोषणा रंगवत मोठी झाले आहे. हे ऐकल्यावर मी बॅग भरली.

निघताना मावशीने मलिदा केला. पोहे, ओलं खोबरं, गूळ, वेलची, वर फळांचे काप. एलियाहू हन्नबी या प्रेषिताचं नाव घेऊन, डोक्यावर ओढणी ओढून तिने तो हातावर ठेवला. चव आमच्याकडच्या दडप्या पोह्यांच्या गोड बहिणीसारखी. तिच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून बर्फाचा डोंगर दिसत होता, आणि तिथे खोबऱ्याचा वास.

घाटात

घाट आलमों नावाच्या गावापासून चढतो. वाटेत एका शेतकऱ्याने गवताचे गोल भारे रचून शेतभर मोठी सायकल केली होती आणि दोन ट्रॅक्टर चाकांच्या जागी गोल गोल फिरवत होता. जमिनीवरून नुसता पसारा दिसतो. हे हेलिकॉप्टरसाठी आहे, मावशीने सांगितलं. शर्यत दाखवताना हेलिकॉप्टर वरून शेतं, किल्ले, चर्च, धरणं दाखवत जातं आणि दरवर्षी गावोगावचे शेतकरी त्याच्यासाठी अशी चित्रं करतात. आमच्याकडे हेलिकॉप्टर येतं ते पुराची पाहणी करायला, नाहीतर प्रचाराला. त्याला दिसावं म्हणून कोणी शेत सजवल्याचं मी ऐकलेलं नाही.

वर मोठं धरण लागतं, त्याच्याही वर कुरणं. गाईंच्या गळ्यात एवढाल्या घंटा. रस्त्याच्या कडेला घरासारख्या गाड्यांची रांग, एकीला लागून एक, काही तीन-तीन दिवसांपासून. खुर्च्या, छत्र्या, कुत्री, कपडे वाळत घातलेले. खिंडीच्या अलीकडे एका वळणावर आम्हाला जागा मिळाली ती ओदील नावाच्या बाईंच्या शेजारी. वय पंच्याहत्तरच्या पुढे, नवरा गेलेला, गाडी स्वतः चालवत आलेली. गाडीच्या टपावर टीव्हीची थाळी. आमची गाडी नीट लागेपर्यंत त्या हातवारे करत राहिल्या आणि लागल्यावर लगेच टीव्हीकडे वळल्या. त्या दिवशीची शर्यत दुसऱ्या कुठल्या तरी दरीत चालली होती.

मी मावशीमार्फत जरा खोचकच विचारलं, की टीव्हीच बघायचा तर घरी काय वाईट होतं? ओदीलबाईंनी मला खुर्ची दिली आणि समजावून सांगितलं, लहान मुलाला सांगावं तसं. घरी शर्यत नुसती दिसते. इथे ती तीन तास टीव्हीवर बघायची, ती खालच्या गावात आली, पुलावर आली, धरणावर आली असं करत करत, आणि मग मान वळवली की ती आपल्या दारात असते. "हे घरी होत नाही," मावशीने भाषांतर केलं आणि स्वतःकडून जोडलं, "बरोबर आहे की गं तिचं."

रात्रीच्या जेवणाला त्यांनी बटाट्याचे काप सायीत शिजवलेले दिले, त्या भागातला पदार्थ, पोटाला जड आणि जिभेला मऊ. मी सुकटीची चटणी काढली. डबा उघडल्याबरोबर पलीकडच्या गाडीतलं कुत्रं उठून उभं राहिलं. मी ओशाळून झाकण लावायला लागले, तर ओदीलबाईंनी आपल्या फडताळातून एक चीज काढलं आणि माझ्या नाकाखाली धरलं. मी एवढंच म्हणेन की सुकट त्याच्यापुढे मोगरा आहे. त्यांनी चटणी बटाट्यावर घालून खाल्ली, डोळ्यांत पाणी आलं, आणि पुन्हा घेतली.

रंग

जेवणाआधी, उजेड असतानाच, आम्ही रस्ता रंगवला. तिथे तो सगळेच रंगवतात. ओदीलबाईंकडे पांढऱ्या रंगाचा डबा आणि लांब दांड्याचा रोलर होता. लोक आपल्या आवडत्या खेळाडूचं नाव लिहितात. सगळा घाट नावांनी भरलेला. ओदीलबाई मात्र दरवर्षी वेगळंच करतात. पेपरात यादी बघतात आणि जो सगळ्यांत शेवटी असेल त्याचं नाव लिहितात. पहिल्याचं नाव लिहायला गाव पडलंय, त्या म्हणाल्या, शेवटच्यालाच ते वाचायची जास्त गरज असते, आणि तो हळू जातो त्यामुळे वाचायला वेळही असतो.

त्यांचं लिहून झाल्यावर रोलर माझ्या हातात आला. मी त्यांच्या नावाच्या वरच्या बाजूला, चढाकडे, माझा मजकूर घेतला. देवनागरीत, माणसाएवढ्या अक्षरांत:

पळस्पे फाट्यावर
सायकलवाल्यांना
एक मिनिट द्या
वनिता, विचुंबे

माझं नाव का नाही घातलं? आमची रीतच ती आहे. ज्याचं दुखणं त्याचं नाव खाली. पत्रक मी लिहिते, नाव दुसऱ्याचं असतं. हे मला तोवर कधी खटकलं नव्हतं.

शेवटची ओळ संपली तेव्हा ओदीलबाई हसत होत्या. मी पत्रक लिहावं तसं वरून खाली लिहीत आले होते. पण खेळाडू येणार खालून. त्यांना पहिल्यांदा नाव लागणार, मग एक मिनिट द्या, मग सायकलवाल्यांना, आणि पळस्पे सगळ्यांत शेवटी. कागदावर लिहायची सवय लागलेल्या माणसाचीच ही चूक. पुसून पुन्हा लिहायला रंग उरला नव्हता. राहू दे म्हटलं, वाचणारे विचुंब्यात आहेत, ते लावून घेतील. फोटो काढून वनिताला पाठवला. तिचं उत्तर लगेच आलं, नुसती हसरी तोंडं, ओळभर.

सकाळ

सकाळी नऊच्या सुमाराला वनिताचा फोन आला. आवाज बारीक झालेला. ती गोदामात जेवणाच्या सुट्टीत होती.

"ताई, आई जाम भडकल्यात. ते नाव पुसता येईल का?"

फोटो तिने कौतुकाने घरात दाखवला होता. दिराने वाहवा केली, जावेने वाचून दाखवलं. हिराकाकूंनी मात्र फोटोतला रस्ता बघितला. नाव लिहिलंय ते भिंतीवर नाही, फळ्यावर नाही, डांबरावर. ज्याच्यावरून माणसं चालणार, गाड्या जाणार. त्या काय म्हणाल्या ते वनिताने जसंच्या तसं सांगितलं: "सुनंचा नाव रस्त्यान लिवलाय. लोकांच्या पायाखाली. मेलेल्या मानसाचा पन कोनी असा नाव टाकत नाय." आणि पुढे, की ज्या नोकरीपायी घरच्या बाईचं नाव तुडवलं जातं ती नोकरी गणपतीपर्यंत कशाला, या महिन्याअखेरच सोड.

मी रस्त्याकडे पाहिलं. कालपासून तिथे किती माणसं चालली असतील. तिथल्या लोकांना रस्त्यावर नाव म्हणजे मान. मीही दोन दिवसांत तिथलीच झाले होते. आपल्याकडे कागदाला पाय लागला तर आपण तो उचलून डोक्याला लावतो, आणि मी एका बाईचं नाव, तिला न विचारता, डांबरावर आडवं केलं होतं. भिंती रंगवणाऱ्या मुलीला हे सुचू नये? मला सुचलं नव्हतं. तिच्या नोकरीसाठी लढायला गेले आणि तिचा एक महिना मीच खाल्ला.

बादली आणि घासणी घेऊन मी रस्त्यावर बसले. रंग रात्रभरात वाळून डांबराच्या खड्यांत घुसला होता. पंधरा मिनिटं घासल्यावर 'व'ची कड जरा मळकी झाली, बस्स.

तेवढ्यात खालून एक छोटी व्हॅन आली. तिच्यातून रंगाचे डबे घेऊन दोन माणसं उतरली, एक मिशीवाला थोरला, एक धाकटा. यांचं काम मला आधी कोणी सांगितलं असतं तर मी विश्वास ठेवला नसता. शर्यतीच्या पुढे पुढे जायचं आणि टीव्हीवर दिसू नये असं जे रस्त्यावर लिहिलेलं असेल ते बदलायचं. अश्लील चित्रं, शिव्या, राजकारण, मागण्या. खोडायचं नाही, खोडलेलं डोळ्यावर येतं. त्याचं दुसरं काहीतरी करायचं. घाणेरड्या चित्राचं घुबड होतं, घोषणेची फुलं होतात. खालच्या वळणावर त्यांनी नुकतंच एका पुढाऱ्याला दिलेल्या शिवीचं फुलपाखरू केलं होतं.

देवनागरीपाशी दोघे थांबले. हे काय आहे, त्यांनी विचारलं. मावशीने माझ्याकडे पाहून मराठीत हळूच विचारलं, "सांगू का, चारही ओळी नावंच आहेत म्हणून? यांना काय कळतंय."

कळलं नसतं हे खरं. पण मागणी करायची आणि विचारल्यावर ती मागणी नाहीच म्हणायचं, हे मला जमलं नाही. मी म्हटलं, खरं सांग. वरच्या तीन ओळी मागणी आहे, न्याय्य आहे, ती राहू द्या म्हणावं. खालची ओळ नाव आहे, ते तेवढं कृपा करून काढून टाका.

मावशी बराच वेळ बोलत होती. थोरल्याने नीट ऐकून घेतलं, टोपी मागे सारून डोकं खाजवलं, आणि त्या दोघांनी नेमकं उलटं केलं. वीस मिनिटांत पळस्पे फाट्याची गोगलगाय झाली, सायकलवाल्यांचे दोन मासे, आणि एका मिनिटाची मांजर, शेपटी वर केलेली. मासे चांगले काढले होते, नाकारत नाही. नाव त्यांनी तसंच ठेवलं. मी भांडले. मावशी भांडली. थोरला मान हलवत राहिला: नावाला आम्ही हात लावत नाही. चढ चढून येणारा माणूस आपलं नाव शोधत असतो, कोणाचं नाव कोणासाठी आहे ते आम्ही ठरवणारे कोण? आणि व्हॅन पुढे गेली.

काळा रंग मागायला मी पाच-सहा गाड्यांपाशी फिरले. सगळ्यांकडे पांढरा. मग पोलिसांच्या शिट्ट्या सुरू झाल्या आणि रस्ता मोकळा करायला सांगितला. रस्त्यावर उरलं ते एवढंच: गोगलगाय, मासे, मांजर, आणि खाली वनिता, विचुंबे.

शर्यत

आधी दोन तास जाहिरातींची मिरवणूक जाते. गाडीवर प्लॅस्टिकचा कोंबडा, गाडीवर सॉसेज, आणि वरून लोकांवर टोप्या, चावीची कडी, बिस्किटं फेकतात. मी स्टेशनबाहेर पत्रकं वाटते तेव्हा माणसं हात खिशात घालतात. इथे सुखवस्तू म्हातारे चावीच्या कडीसाठी गवतात लोळत होते. हा बाजार मला पटला नाही, हे नोंदवून ठेवते. एक टोपी मीही झेलली. ऊन होतं.

मग रस्ता पूर्ण रिकामा झाला. ही गोष्ट मला सगळ्यांत जास्त लागली. चाळीस-पन्नास मैलांच्या पट्ट्यातली प्रत्येक फट पोलिसांनी अडवलेली. ट्रक थांबले, डेअरीच्या गाड्या थांबल्या, एका वळणावर रुग्णवाहिका नुसती तयार उभी. आमच्याकडे असा रस्ता मोकळा होतो तो मंत्र्याचा ताफा जायचा असतो तेव्हा. इथे तो सायकलींसाठी.

मी ओदीलबाईंच्या टीव्हीपाशी बसले होते. वनिताला मेसेज केला होता की पुसता आलं नाही, माफ करा. तिने कळवलं, आम्ही बघतोय, आईपण बसल्यात. आपले सात वाजले असतील. मोबाइल तांदळाच्या डब्याला टेकवून सगळं घर त्याच्यापुढे.

आघाडीचे आले आणि गेले. इतके जवळून, की घामाचा थेंब माझ्या हातावर पडला. टीव्हीवर तेच दृश्य अर्ध्या मिनिटाने आलं. म्हणजे आधी खरं बघायचं, मग वळून तेच दाखवलेलं बघायचं. तेव्हा कॅमेरे वरच्या बाजूला होते, आमचं वळण हेलिकॉप्टरमधून नखाएवढं दिसलं. बरं झालं. नाव दिसलं नाही.

पुढे तुकड्या-तुकड्यांनी खेळाडू येत राहिले. गर्दी पांगेल असं वाटलं होतं, ती हलेना. शेवटचा यायचा होता. तो आला पंचवीस-तीस मिनिटांनी, एकटा. खालच्या उतारावर पडला होता, चड्डी मांडीवर फाटलेली, गुडघ्यातून पोटरीपर्यंत रक्त वाळलेलं. मागे संथ मोटारी, आणि बाजूला कॅमेऱ्याची मोटरसायकल. पुढच्यांचा निकाल लागत आलेला असताना टीव्हीने या माणसाला धरलं होतं. ओदीलबाई खुर्चीवरून उठल्या. त्याने मान खाली घातली होती, रस्ता वाचत असल्यासारखी, आणि आपल्या नावापाशी त्याने हँडलवरचं एक बोट उचललं. बाईंनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं. चाक पुढे गेलं, वनिताच्या नावावरून, मांजरीवरून, माशांवरून.

मी पळत टीव्हीपाशी आले. अर्ध्या मिनिटाने ते तिथे आलं: रक्ताळलेली पोटरी, फिरणारं चाक, आणि त्याच्याखाली सगळा पडदा भरून, स्वच्छ, वनिता, विचुंबे. चाक नावाच्या मधोमध गेलं.

फोन वाजायला दोन मिनिटंही लागली नाहीत. वनिता असेल म्हणून मी आधीच माफी मागायला लागले. पलीकडे हिराकाकू होत्या.

"गप ऱ्हा बाय. मना सांग, त्या पोराला आयस हाय का नाय?"

मी म्हटलं, असेल, काकू.

"ती बगत असंल?"

बघत असेल.

"मंग तिनं आडवला नाय त्याला?"

पलीकडे मोबाइलवर समालोचन चालू होतं. मग त्या सावकाश म्हणाल्या, "कशाला आडवंल. सगला रस्ता बंद केलाय त्याच्यासाठी. पुढं पोलीस, मागं डाक्तर. शेवटचा हाय तरी टाल्या वाजवतात. असा असंल तर मी पन नाय आडवायची." आणि जरा थांबून, माझ्यावरच उखडल्यासारख्या: "एका पोरासाठी एवढा डोंगर थांबवला तुमी लोकांनी, आनि आमच्या पोरींसाठी एक मिनिट नाय थांबवत?"

मागणीच्या तिन्ही ओळी रंगाखाली गेल्या होत्या, आणि ज्या बाईचं त्यांच्याकडे लक्षच गेलं नव्हतं ती मला तीच मागणी फोनवरून ऐकवत होती. मावशी विचारत राहिली, काय म्हणतात, काय म्हणतात.

विचुंबे

परतल्यावर तिसऱ्या दिवशी मी त्यांच्या घरी गेले. काकू ओट्यावर बोंबील निवडत होत्या. मी पाया पडले. नावाबद्दल बोलले तेव्हा त्यांनी हात थांबवला नाही. "तुजा नाव नाय टाकलास तो?" एवढंच विचारलं. मी म्हटलं, चुकले. "चुकलीस," त्या म्हणाल्या, आणि वनिताला चहा टाकायला सांगितला.

चहा होईपर्यंत त्यांनी निर्णय सांगितला. महिनाअखेर नाही, गणपतीही नाही. नोकरी चालू राहील. पण फाट्यापर्यंत त्या स्वतः येणार, रोज. मी समजावायला गेले की वाहतूक थांबवणं हे नागरिकाचं काम नाही, ते ज्या खात्याचं आहे त्याच्याकडून करून घ्यायला हवं, नवं निवेदन तयार आहे. त्या म्हणाल्या, दे की निवेदन. त्याचा जवाब येईतो पोरी काय हवेतून जातील?

म्हणून आता आम्ही जातो. मीसुद्धा. आजवर मी त्या फाट्याची पत्रकं काढली, फोटो काढले, पण सकाळी साडेसहाला सायकल घेऊन तो कधी ओलांडला नव्हता. पहिल्या दिवशी मी कंटेनरच्या चाकांकडे बघत उभी होते आणि वनिता शेजारून शांतपणे म्हणत होती, ताई, चाकाकडे नको, ड्रायव्हरच्या तोंडाकडे बघा.

काकू वनिताच्या दिराच्या स्कूटरवरून येतात, नऊवारी खोचलेली. सायकली साठल्या की सरळ रस्त्यात उतरतात आणि हात वर करतात. हे बरोबर आहे असं मी म्हणत नाही. धोक्याचं आहे, बेकायदा असेल, आणि ते त्यांना करावं लागतं ही शरमेची गोष्ट आहे. निवेदनात मी तसंच लिहिलंय, या खेपेला खाली माझं नाव घालून. त्याची पोच मिळाली आहे.

परवा एक अठरा चाकी कंटेनर करकचून थांबला. ड्रायव्हर अर्धा बाहेर आला. शिवी ओठावर आलेली, पण पुढ्यात म्हातारी बघून त्याने ती गिळली आणि विचारलं, "क्या हुआ अम्मा?"

काकूंनी हात खाली घेतला नाही. वनिता पुढे निघाली, तिच्यामागे मी, आमच्यामागे तीस-चाळीस जण.

"शर्यत हाय," काकू म्हणाल्या. "शेवटचा जाईतो थांब."